अमावास्या, शनी आणि मूळ

सुरतेतून आकाशगंगा दिसत नाही. सुमारे एक लाख प्रकाशवर्षे व्यासाची ही तबकडी सुरतेवरूनही रोज सरकते. पण कापडबाजार आणि हजिऱ्याचे कारखाने यांचा उजेड हवेतल्या धुळीवर पसरतो आणि आकाश रात्रभर पातळ चहासारखे राहते. शिवाजी महाराज 1664 मध्ये सुरतेस आले तेव्हा हा अडथळा नव्हता. पण त्यांचे लक्ष जमिनीवर होते.

आकाशगंगेसाठी डांगात, सुमारे 160 किलोमीटरवरच्या सापुताऱ्याकडे जावे लागते. वाटेत वघईचे वनस्पती उद्यान बघण्यासारखे आहे. बघितले जात नाही.

अवघड भाग म्हणजे दिवस. सुरतेच्या उधन्यातील मराठी कुटुंब सुटी बघून निघते आणि वैशाखात ती नेमकी बुद्धपौर्णिमेला सापडते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चादरी, उसनी दुर्बीण, सारे बरोबर असते. पंचांग घरी राहते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवून सूर्योदयाला मावळतो, त्यामुळे जागूनही सुटका नाही. त्या उजेडात चटणीतले दाणे मोजता येतात, तारे नाहीत.

योग्य तिथी पंधरा दिवसांनी, वैशाख अमावास्या. तिथे आजी आडव्या येतात: अमावास्येला प्रवास नको. त्यात ती शनिजयंती. आणि बघायचे काय, तर सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवरचे आकाशगंगेचे केंद्र, नेमके मूळ नक्षत्राच्या शेजारी! तोडगा एकच निघतो, आजींनाच बरोबर घेणे.

अंधाराला डोळे सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात. एका टॉर्चने ती वाया जातात. हा टॉर्च पंचविसाव्या मिनिटाला जावईबापू लावतात, चप्पल शोधायला. जावयावर ओरडता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून. असे तीनदा. चप्पल सकाळीही सापडली असती.

मेच्या मध्यात, रात्री अडीचच्या सुमारास, दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे 40 अंशांवर, वृश्चिकाच्या नांगीजवळ आकाशगंगेचा पट्टा सर्वांत ठळक होतो. तो ढगच वाटतो आणि मंडळी आवराआवर सुरू करतात. फोटोतला जांभळा-गुलाबी रंग नसतो. इतक्या मंद प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाहीत. मधली काळी चीर म्हणजे मागचे तारे झाकणारी धूळ.

आजी मात्र ढग म्हणत नाहीत. खानदेशात धाब्यावर त्या लहानपणी उन्हाळाभर याच पट्ट्याखाली झोपल्या होत्या. उधन्यात आल्यावर तो गेला कुठे, हे त्यांनी कुणाला विचारले नव्हते. बराच वेळ त्या गप्प राहतात. मग एवढ्यासाठी दोनदा पेट्रोल जाळले का, असे विचारतात आणि चादर डोक्यावर न घेता आडव्या होतात.