दोन घरचा पाहुणा

शीडही आहे आणि दमदार इंजिनही आहे, अशा छोट्या बोटीला मोटरसेलर म्हणतात. तिचा मालक सहसा खुशीत असतो. वारा पडला तर इंजिन, इंजिन पडलं तर वारा! कागदावर हिशेब बिनतोड आहे. पण चार मित्रांना घेऊन तीन आठवडे मांडवा ते मालवण आणि परत, असा बेत ठरला की हाच हिशेब घात करतो. शिडाची शिवण उसवलेली दिसली की कोणीतरी म्हणतं, ‘इंजिन आहे ना!’ डिझेलचा फिल्टर बदलायची वेळ आली की तोच गृहस्थ म्हणतो, ‘शीड आहे ना!’ दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो असा. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मोटरसेलरची तयारी दोनदा करावी. एकदा तिला शीड नाही असं समजून, एकदा इंजिन नाही असं समजून.

आधी इंजिन. अर्धवट भरलेल्या टाकीत कोकणची दमट हवा शिरते, थंड झाली की तिचं पाणी होतं आणि ते डिझेलखाली जाऊन बसतं. त्या सीमेवर जंतू सुखाने संसार थाटतात आणि तळाशी काळपट, बुळबुळीत गाळ साचतो. बंदरात बोट शांत उभी असते तोवर तोही शांत असतो. बाणकोट किंवा दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी उथळ वाळूवर लाटा उठल्या, बोट हेंदकाळली, की गाळ ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन दोन आचके देऊन गप्प. लोक याला नशीब म्हणतात. खरं तर इंजिन जिथे सर्वांत जास्त हवं, नेमकं तिथेच ते बंद पडावं अशी ही चोख व्यवस्था आहे. तेव्हा टाकी उपसून धुवा आणि फिल्टर डझनाने घ्या. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा रबरी इंपेलर जादा ठेवाच, पण तो बसवायचा पानाही ठेवा. इंपेलर बोटीवर आणि पाना घरी, ही विभागणी फार लोकप्रिय आहे.

कोणी म्हणेल, मग मोठं इंजिन बसवा आणि शीड विसरा. पण पाण्याच्या रेषेवर 25 फूट लांब असलेली ही जड बोट साडेसहा-पावणेसात नॉटच्या पुढे सहसा जात नाही. अश्वशक्ती दुप्पट केली तर वाढतो मुख्यतः आवाज. शिवाय या किनाऱ्यावर मासेमारीची जाळी पसरलेली असतात. त्यातला एक दोर पंख्यात गुंडाळला गेला, की 40 काय आणि 80 काय, सगळे घोडे एकाच खुंटीला बांधलेले. तेव्हा शीडच हवं. आणि उन्हाने त्याच्या कापडाआधी शिवणीचा दोरा कुजतो, म्हणून कापड ताणून नव्हे, शिवण नखाने खरवडून बघा.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा: मोटरसेलर वाऱ्याच्या तोंडावर नीट चालतच नाही, मग शिडावर खर्च कशाला? पहिला भाग खरा आहे. परतीच्या वाटेवर दुपारचा वायव्येचा वारा नाकासमोर येतो आणि तिथे शीड हात टेकतं. पण पहाटे मतलई वारे जमिनीवरून, म्हणजे उजव्या कुशीवर येतात. मित्रांना अंधारात उठवायचं, त्या वाऱ्यावर मैल काढायचे आणि दुपारी जयगडला नाहीतर विजयदुर्गला नांगर टाकून झोपायचं. हे उठवणं हाच तयारीतला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्याचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. पाच माणसं, माणशी रोज 3 लिटर, 21 दिवस: 315 लिटर. वाटेत भरता येतं, पण लोणच्याच्या बरण्या आधी चढवून पाण्याला जागा शोधू नका.

निघण्याच्या आठवडाभर आधी दोन फेऱ्या मारा. एक इंजिनाला हात न लावता, एक शिडं गुंडाळून. दुसऱ्या फेरीची गरज नाही म्हणणारा मित्र निघालाच, तर त्याला एसटीने मालवणला बोलवा.