सात नंबरची जादा गादी

देवळाली कॅम्पात हवापालटाला लोक पिढ्यान्‌पिढ्या येताहेत. मी इथलाच, त्यामुळे हवा फुकट आणि पोटापाण्याचं काम लॅम रोडवर. सध्याचं काम म्हणजे एका सॅनेटोरियमचं बुकिंग सॉफ्टवेअर. आधीच्या गृहस्थांनी ते जावामध्ये, गॅव्हिन किंगनं 2001 साली काढलेल्या हायबरनेटवर लिहिलेलं. त्यांचा लिस्टवर फार जीव. खोलीची बुकिंगं लिस्ट, खोलीच्या सोयी लिस्ट, पाहुण्याची नातवंडंसुद्धा लिस्ट.

मॅनेजरकाका म्हणाले, "अरे, सात नंबरमधली जादा गादी काढली, एवढ्या नोंदीला हे यंत्र इतका विचार कसला करतं?"

लॉग उघडला. सात नंबरला पाच सोयी : गरम पाणी, डबा, मच्छरदाणी, कूलर आणि ती गादी. गादी काढ म्हटल्यावर हायबरनेटनं आधी पाचही पुसल्या आणि उरलेल्या चार एकेक करून पुन्हा भरल्या. एक डिलीट, चार इन्सर्ट. क्रमाचा कॉलम नसलेली लिस्ट त्याच्या लेखी नुसती बॅग. तिच्यातली नेमकी कुठली ओळ काढायची हे त्याला उमगत नाही, म्हणून सगळंच उपसायचं.

"म्हणजे एका गादीपायी अख्खी खोली रिकामी?" काका म्हणाले. तेच ते.

लिस्टचा सेट केला की एका डिलीटमध्ये काम होतं. पण सेटही काही गरीब गाय नव्हे. इक्वल्स आणि हॅशकोड आयडीवर बेतले आणि नवा पाहुणा सेव्ह होण्याआधीच सेटात शिरला, की आयडी मिळताच त्याचा हॅश बदलतो. पाहुणा आत घोरत असतो आणि सेट सांगतो, असं कुणी आलंच नाही. दोन बॅगा एकाच जॉइन फेचमध्ये मागितल्या तर हायबरनेट साफ नकार देतं. त्याचा हा बाणेदारपणा मला आवडतो. लोक मात्र दोन्हींचे सेट करून त्याचं तोंड बंद करतात. मग 20 बुकिंगं आणि 5 सोयींच्या खोलीसाठी डेटाबेसकडून 100 ओळी मुकाट्यानं येतच राहतात.

खरी कमाल "या आठवड्यात कोण येणार?" या बटणात होती. त्यात खोल्यांची सगळी जुनी-नवी बुकिंगं मेमरीत आणायची आणि मग गाळायची. 1861 साली इंग्रजांनी इथं ट्रान्झिट कॅम्प काढला, त्याचा कारभारही असाच. मायदेशी परतणारे सोल्जर आधी देवळालीत आणून ठेवायचे, मग बोट मिळेल तसे धाडायचे. बोटींचा मोसम हुकला की पुढल्या मोसमापर्यंत मुक्काम इथंच. उन्हानं आणि कंटाळ्यानं काहींची डोकी फिरायची. सर्व्हरचंही फिरतं.

इथं लिस्ट की सेट हा वादच फोल. कलेक्शनला हात न लावता तारखेची अट घालून सरळ क्वेरी लिहिली. चार नावं हवी होती, चारच आली. काका नाराज. "मी आत्ता चहा सांगणार होतो!"

तुमच्याकडे असं बटण असेल, तर कलेक्शनचा प्रकार बदलण्याआधी शो-एसक्यूएल चालू करा आणि एका क्लिकमागे लॉगमध्ये किती क्वेऱ्या पडतात ते मोजा.