अण्णा गाडीखाली आहेत

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी अण्णांच्या घरी फोन केला की काकू शांतपणे सांगतात, "हे गाडीखाली आहेत." नवखा माणूस घाबरून "कुठल्या हॉस्पिटलात नेलंय?" विचारतो. जुनी मंडळी म्हणतात, "असू द्या, ऑइल बदलून झालं की फोन करायला सांगा."

असे अण्णा प्रत्येक सोसायटीत एक असतात. आमचे अण्णा सरकारी खात्यात जन्मभर दुसऱ्यांच्या बिलांवर शंका काढून निवृत्त झाले. गॅरेजवाले ऑइल बदलतच नाहीत, जुनंच गाळून परत ओततात, हे त्यांचं ठाम मत. पैसे वाचतात तो भाग वेगळा. खरा मुद्दा डोळ्यांदेखत होण्याचा. खंडेनवमीला पान्यांचा सेट पाटावर मांडला जातो आणि रिंग पान्यात अडकलेली झेंडूची पाकळी रविवारी तशीच पार्किंगमध्ये येते.

माझं काम बॅटरी धरण्याचं आणि जॅककडे बघण्याचं. एवढ्याबाबतीत मी थट्टा करत नाही. जॅक चाक बदलण्यापुरता असतो; नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणसानं शिरू नये. अण्णा शेजारी सिमेंटचे दोन ब्लॉक रचून शिरायचे. ब्लॉक दिसतात भक्कम आणि फुटतात ते न सांगता. शेवटी एका दिवाळीला मी त्यांना लोखंडी स्टँडची जोडी भेट दिली. "फराळाऐवजी हे?" म्हणाले, पण वापरतात.

गाडीच्या पुस्तकात 5 डब्ल्यू-30 लिहिलंय. अण्णा 20 डब्ल्यू-50 आणतात. "डब्ल्यू म्हणजे विंटर. आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?" यातलं पहिलं वाक्य खरं असल्यामुळे वाद घालणं अवघड जातं. दाट ते दमदार हा नियम त्यांनी आमटीवरून उचलला असावा. पण हल्लीच्या इंजिनात सुटी जागा केसाएवढी. सकाळी किल्ली फिरवल्यावर हे दाट प्रकरण वर पोचेपर्यंत आतले भाग जवळजवळ कोरडेच घासतात.

पहिली काही वर्षं ते पहाटे, गार गाडीखाली शिरत. रात्रभरात सगळं ऑइल खाली जमतं, हा हिशोब. जमतं खरं, पण काकवीसारखं. दोन चहा झाले तरी धार संपेना, आणि गाळ आतच. इंजिन कोमट असताना ऑइल सोडावं असं कुणीतरी सांगितल्यावर अण्णा पुढच्या वर्षी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले आणि आल्या आल्या बूच उघडलं. त्या दिवाळीत त्यांनी उटणं डाव्या हातानं लावलं.

पण सोसायटीच्या स्मरणात आहे तो गिअरबॉक्सचा रविवार. खाली बुचं दोन होती. अण्णांनी अनुभवानं त्यातलं एक निवडलं. घमेल्यात सोनेरी धार पडली.

"बघितलंस? वर्ष झालं तरी कसं स्वच्छ! याला म्हणतात गाडी चालवणं."

"अण्णा, वास कसला येतोय? अंडं कुजल्यासारखा."

"दाट ऑइलला येतोच."

बूच लावलं. वरून नरसाळ्यानं नवं तीन लिटर इंजिनात गेलं. पट्टी काढून बघू या, असं मी म्हणालो. "तीन लिटरचा डबा, तीन लिटरची गाडी. पट्टी कशाला?" किल्ली फिरली. निळसर धुरानं आधी स्कूटर झाकल्या, मग वॉचमन. तरी अण्णांनी गाडी गेटपर्यंत नेली. गिअर पीठगिरणीसारखे ओरडायला लागले तेव्हा थांबले. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं येऊन पट्टी ओढली. दोन खुणांच्या मधे असायचं ते ऑइल मुठीच्या दिशेनं निघालं होतं.

"काका, इंजिनात डबल आहे आणि गिअरबॉक्स रिकामा. तुम्ही गिअरचं ऑइल सोडलंत."

"म्हणून स्वच्छ होतं," अण्णा म्हणाले. माघार नाही, नुसता खुलासा.

बाकीचं किरकोळ. पंधरा रुपयांचा वायसर वाचवायला नळाची टेप गुंडाळणं. तरी ठिबकतंय म्हणून पान्यावर पाय देऊन आवळणं, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेल्यावर "हल्ली धातूच हलका" म्हणणं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटलेली असताना तिच्यावर नवा फिल्टर बसवणं; त्या वर्षी नवं ऑइल मिनिटभरात फरशीवर आलं. पार्किंगमध्ये असे डाग एकाशेजारी एक आहेत आणि अण्णा कुठला कुठल्या वर्षीचा ते सांगू शकतात.

उरतं जळकं ऑइल. ते गॅरेजच्या पिंपात द्यावं, तिथून ते शुद्धीकरणासाठी उचललं जातं, असं मी सुचवलं. अण्णा हसले. "म्हणजे तेच परत माझ्या गाडीत ओततील." त्यामुळे ते डब्यांतून बाल्कनीत साठतं आणि वाळवीसाठी म्हणून गावच्या घराच्या वाशांना लागतं. गेल्या दिवाळीत ताम्हिणी घाटाच्या एका वळणावर डिकीतला डबा आडवा झाला. शेजारी काकूंच्या चकल्या होत्या. त्याबद्दल दोघंही बोलत नाहीत.

परत आल्यावर वॉशिंग सेंटरला गेलो. डिकीत फवारा मारता मारता पोऱ्या म्हणाला, "काका, ऑइलपण बदलून टाकू का?"

अण्णांनी बराच वेळ तिथल्या घमेल्याकडे पाहिलं.

"बदल. पण मी खाली उभा राहणार. आणि जुनं कुठं ओततोस तेही दाखवायचं."