डिकीतली आपत्ती-व्यवस्था

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि जोर ओसरत उत्तर महाराष्ट्राकडे सरकलं. धुळे-जळगावकरांच्या लेखी समुद्र म्हणजे अलिबागची सहल. तो घरचा पत्ता विचारत येईल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

अशा आपत्तीसाठी गाडीच्या डिकीत काय असावं? पाणी, टॉर्च, औषधं, कागदपत्रं, ओढायचा दोर ही झाली पुस्तकी यादी. खानदेशी डिकीत आधी शिरतात भरताची वांगी, आणि ती भाजायला पऱ्हाटीची मोळी! स्टेपनी उतरवली जाते, कारण तिच्या जागी बिबड्यांचा डबा नेमका बसतो. गाडीसोबत आलेली प्रथमोपचार पेटी सीटखाली अजून सीलबंद. आतल्या मलमाची मुदत केव्हाच संपलेली. लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी ताजी.

रावेर-यावलच्या केळीवाल्यानं काय भरावं? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वारा काही प्रमाणपत्र बघत नाही. उन्हाळा सरता सरता एक वावटळ येते आणि घडांसकट बाग आडवी होते.

मग त्याची गाडी निघते ती पंचनाम्यासाठी तलाठ्याला आणायला. नेमकं तेव्हाच कळतं, यादीत डिझेल लिहायचं राहिलं होतं.