जगात जर्मनी, भारतात परभणी

इंडोनेशियाने 2014 पासून कच्च्या खनिजाची निर्यात आवळत आणली. दगड नेऊ नका, भट्ट्या इथेच उभारा! फ्रीपोर्ट या खाण कंपनीने कुरकुरत ग्रेसिकला तांबे गाळण्याचा नवा कारखाना बांधला. सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन, ऑक्टोबरमध्ये तिथे आग, आणि म्हणून मार्च 2025 मध्ये निर्यातीला पुन्हा परवानगी. फीत कापायची घाई तिकडेही असते तर.

परभणीनेही आता असाच कणखरपणा दाखवावा. इथल्या काळ्या पाषाणात तांबे नाही, पण ही अडचण किरकोळ आहे. रात्री विहिरीवरच्या मोटारींतून, केबलींतून आणि डीपींतून जे निघते, ते काय कमी आहे? वरचे प्लास्टिक जाळले की माल बिनबोभाट जिल्ह्याबाहेर. ना परवाना, ना शुल्क. शेतकरी तेवढा सकाळी पंचनाम्याला उभा. घाला निर्यातबंदी, आणि उभारा भट्टी जिंतूर रोडला!

शेजारी भट्टी नको असते, हे रत्नागिरीकरांनी 1993 साली स्टरलाइटच्या तांब्याच्या कारखान्याला दाखवले. कारखाना तुतिकोरिनला गेला, 2018 मध्ये तिथेही बंद पडला. मग देश शुद्ध तांबे विकण्यापेक्षा विकतच जास्त घेऊ लागला.

खाणीशिवाय भट्टी चालते का? जर्मनीत हॅम्बुर्गला ऑरुबिस कंपनीची चालते. खनिज परदेशातून बोटीने येते. म्हणजे परभणीला आता फक्त बंदर हवे. ते गंगाखेडला होईल. गोदावरीत बोट तरंगण्यापुरते पाणी सोडा, एवढे जायकवाडीवाल्यांना कुणीतरी सांगायला हवे.