साहित्यिक स्टार्टर

आमच्या जळकोटात शोध रात्री लागतात, कारण शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. मोटार रिवायंडिंग करणाऱ्या आमच्या भाच्यानं मोबाईल स्टार्टरात स्वतःचा प्रोग्राम घातला. तिन्ही फेज नीट असतील आणि विहिरीत पाणी असेल, तरच मोटार उचलायची. नाहीतर मालकाला मिस्ड कॉल देऊन गप्प बसायचं.

"मामा, ह्याचं पेटंट काढायलो."

मी कायदा काढला. 1970 च्या पेटंट कायद्यात 2003 पासून कलम 3 (के) आहे. त्यात गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि संगणक प्रोग्राम 'पर से', यांना शोध मानत नाहीत.

"पर से?" भाच्याला परसाकडं तेवढं माहीत.

लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'नुसता'. या नुसत्यापायी सरकारनं 2004 अखेरीस अध्यादेशानं दार किलकिलं केलं, 2005 मध्ये संसदेनं ते लावून घेतलं. पेटंट कार्यालयानं 2015 च्या ऑगस्टात सूचना काढल्या, डिसेंबरात गुंडाळल्या. 2016 मध्ये 'सोबत नवं हार्डवेअर दाखवा' म्हटलं, 2017 मध्ये तेही वगळलं. आमची लाईट बरी! शेवटी 2019 मध्ये फेरिद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, तांत्रिक परिणाम दिसत असेल तर प्रोग्राम आहे एवढ्यावरून अर्ज हाकलू नका.

"आणि नुसत्याला काय?"

त्याला कॉपीराइट. 1957 च्या त्या कायद्यात प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो; लेखकाच्या मागंही 60 वर्षं हक्क. म्हणजे भाचा साहित्यिक! 2022 मध्ये शेजारी उदगीरला 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा हा बिचारा दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मात्र हा हक्क ओळींवर, कल्पनेवर नाही. तीच कल्पना दुसऱ्यानं स्वतःच्या ओळींत लिहिली की तोही साहित्यिक. मराठीत ही सोय जुनीच आहे.

मोटार, स्टार्टर आणि प्रोग्राम यांची मोट बांधून अर्ज करायचं ठरलं. मिळालं तर 20 वर्षं. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 1,600 रुपये, तीही जमवली. अट एकच, अर्जाआधी शोध जगजाहीर नको.

"व्हिडिओ मागच्याच महिन्यात ग्रुपवर टाकलाय, मामा."

विद्वत्सभेत निबंध वाचला असता, तर 12 महिन्यांची सवलत होती. गावचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यात धरत नाहीत.