गुरुग्रामचा लेखक आणि म्हातारा कुत्रा

गुरुग्रामात राहणारा मराठी लेखक पोटासाठी सायबर सिटीत जाहिराती लिहितो आणि रात्री स्वतःची कादंबरी. कादंबरी आणि लॅब्राडॉरचे पिल्लू त्याने साधारण एकाच सुमारास घरात आणलेले असते. लिहिताना कोणी सोबतीला हवे, असे कारण तेव्हा सांगितलेले असते. पुढे पिल्लू वाढते, थोराड होते, तोंडाभोवती पांढरे होते. कादंबरी दुसऱ्या प्रकरणात असते. कुत्र्याचे नाव भाऊसाहेब किंवा असेच काही भारदस्त ठेवलेले असते. सोसायटीचे गार्ड त्याला ‘बाबू’ म्हणतात आणि तो त्यांचेच ऐकतो.

लॅब्राडॉरचे आयुष्य साधारण १० ते १२ वर्षांचे. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशोब सर्वतोमुखी असला तरी चुकीचा आहे. पहिल्या वर्षातच कुत्रा माणसाच्या पंधरा वर्षांइतका वाढतो आणि मोठ्या जातींना म्हातारपण लवकर गाठते. लेखक हा हिशोब पुन्हा पुन्हा मांडतो, कारण कोणत्याही पद्धतीने मांडला तरी कुत्रा आता त्याच्याहून वडील निघतो. मग तो त्याला मनातल्या मनात अहो-जाहो करू लागतो.

म्हातारपणाची लक्षणे ठरलेली आहेत. मागचे पाय आखडतात, गुळगुळीत टाइल्सवर घसरतात. म्हणून दिवाणखान्यात योगाच्या चटया अंथरल्या जातात आणि घरातला योग बंद पडतो. डोळ्यांवर निळसर झाक येते. लेखक ताबडतोब अंधत्वावर एक हळवा ललितलेख लिहून काढतो. डॉक्टर सांगतात, हा मोतीबिंदू नव्हे, वयाने भिंग घट्ट होते, नजर बरीचशी शाबूत असते. त्याच संध्याकाळी भाऊसाहेब हवेत फेकलेले बिस्कीट अचूक झेलतात. लेख मात्र तोवर संपादकांकडे गेलेला असतो. काही कुत्र्यांना उतारवयात विसरभोळेपणाचा आजार होतो: दिवसा झोप, रात्री फेऱ्या, कोपऱ्यातल्या भिंतीकडे तासन्‌तास पाहणे. लेखकही रात्री भिंतीकडे पाहत बसतो, पण त्याला घरात चिंतन म्हणतात.

औषध देणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. गोळी तुपातल्या पोळीच्या घासात दडवतात. कुत्रा घास आनंदाने घेतो, चावतो, शेपूट हलवतो आणि थोड्या वेळाने सोफ्याखाली गोळी सापडते. तिच्यावर तुपाचा थेंबही उरलेला नसतो. साताऱ्याहून काकूंचा फोन येतो, ‘अरे, अर्धी क्रोसिन दे त्याला.’ पॅरासिटामॉल कुत्र्यांना घातक ठरू शकते, हे काकूंना समजावण्यात एक रविवार जातो. बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, त्यामुळे सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी लेखक आधी आपल्याकडे ओढतो आणि शिऱ्यातला एकेक बेदाणा वेचून काढतो. इतक्या बारकाईने त्याने आपल्या पुस्तकाची प्रुफे कधी तपासलेली नसतात.

खरी परीक्षा लिफ्टमध्ये. घर चौदाव्या मजल्यावर, शाळेच्या बसची वेळ, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबणार आणि म्हाताऱ्याला धीर धरवत नाही. दप्तराच्या मागून प्रश्न येतो, ‘अंकल, काटता है क्या?’ लेखकाचे ठरलेले उत्तर, ‘किससे काटेगा बेटा, दांत कहां बचे हैं!’ सोसायटीच्या ग्रुपवर कुत्र्यांना लिफ्टबंदीची टूम निघाली, की तो भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना चिकटवतो: रहिवासी संघाला अशी बंदी घालता येत नाही. त्याच्या सगळ्या लेखनात सर्वांत जास्त वाचक याच मजकुराला मिळाले आहेत. वादात तो स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसलेल्या युधिष्ठिराचा दाखलाही देतो. मात्र द्रोणाचार्यांच्या या गावाशी जोडली गेलेली महाभारतातली कथा वेगळी आहे. एकलव्याने भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड सात बाणांनी बंद केले होते, तेही त्याला इजा न करता. सोसायटीच्या वार्षिक सभेत काहींना नेमकी हीच कथा आठवते.

ऋतूंचाही या जोडीवर राग असतो. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, डांबर त्याहून तापते, पंजे भाजतात. म्हणून पहाटे पाचला उठावे लागते. पहाटे लिहिण्याची शिस्त लावू पाहणाऱ्या लेखकाला ही शिस्त अखेर लागते, फक्त लेखनाची राहून जाते. दिवाळीच्या सुमारास हवेचा निर्देशांक ४०० च्या वर, म्हणजे सरकारी भाषेत ‘गंभीर’ पायरीवर जातो. हवा शुद्ध करणारे यंत्र लेखनाच्या टेबलाजवळून कुत्र्याच्या गादीजवळ हलते. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी लेखक दिवाळीची वाट पाहत आला. या घरात मात्र फटाक्यांच्या धास्तीने कुत्रा पलंगाखाली शिरतो आणि त्याला धीर द्यायला लेखक अंक घेऊन जमिनीवर आडवा होतो. स्वतःची कथा तो तिथेच टॉर्च लावून वाचतो.

परगावी जाणे जवळजवळ बंदच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत, तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. १९५४ नंतर प्रथमच संमेलन राजधानीत आले होते. अशा लेखकासाठी हा योग दाराशी चालून आला होता, पण तिथेही तो दर तासाला घड्याळ पाहत होता, कारण चारच्या गोळीला घरी कोणीतरी हवे. परिसंवाद रंगात येताच तो उठला आणि यलो लाइनची मेट्रो पकडून परतला. वक्त्यांना वाटले, मतभेद झाला.

दिवाळी अंकाच्या संपादकांना एकच विनंती. या लेखकाला मुदतीची आठवण करून द्यायची असेल तर सकाळी साडेपाच ते साडेसहा फोन करू नये. तेव्हा त्याच्या एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात पिशवी असते, आणि भाऊसाहेबांना घाई केलेली चालत नाही.